उजनी ‘मायनस’मध्ये गेली की काठावर पांढरा थर का दिसतो? पळसदेव ते लोणार, व्हाया उसाचं रान

उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप खाली गेलं की एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यातून वर आलेलं असतं. एरवी जिथे होडी चालते तिथे लोक मोटारसायकलवर पोचतात, दर्शन घेतात, फोटो काढतात. उजनी झाली आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं, ही गोष्ट पुन्हा एकदा सांगितली जाते.

त्याच व्हिडिओत आणखी एक गोष्ट असते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. पाणी ओसरलेल्या काठावर, भेगाळलेल्या गाळावर, दगडांवर ठिकठिकाणी पांढरट थर दिसतो. कुणी म्हणतं मीठ, कुणी म्हणतं चुना, तर कुणी म्हणतं केमिकल.

यातलं थोडं थोडं सगळंच खरं असू शकतं. काही ठिकाणी ते नुसतं वाळून पांढरं पडलेलं शेवाळ असतं. पण त्या पांढऱ्यात जो चुन्याचा भाग असतो, त्याला शास्त्रज्ञ कार्बोनेट खनिज म्हणतात. तो कसा तयार होतो हे कळलं की दोन गोष्टी एकदम समजतात. बुलडाण्यातल्या लोणार सरोवराचं पाणी इतकं खारं का, ही एक. आणि बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातली चांगली काळीभोर जमीन चोपण का होते, ही दुसरी.

आधी ‘मायनस’ म्हणजे काय?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमा नदीवर हे धरण आहे. बांधकाम 1969 मध्ये सुरू झालं आणि 1980 मध्ये पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा साधारण 117 टीएमसी, पण त्यातला साधारण 63 टीएमसी मृत साठा. म्हणजे कालव्याला सोडता येतं त्या पातळीच्या खालचं पाणी. वरचा उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याच्या खाली जाते. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी जवळपास उणे 60 टक्क्यांपर्यंत खाली गेली होती.

म्हणजे उजनी हा नुसता मोठा जलाशय नाही. पावसाळ्यात तुडुंब आणि मे महिन्यात मैलोन्‌मैल उघडा पडणारा असा हा तलाव आहे. पळसदेव, भिगवणचा काठ हा या चढउताराचाच पट्टा. इथला एकच दगड वर्षातले काही महिने पाण्याखाली आणि काही महिने उन्हात असतो. कार्बोनेट तयार व्हायला अशी जागा सोयीची असते.

चुना येतो कुठून?

इथे चुनखडकाचा डोंगर नाही. सगळा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. मग चुना कुठून आला?

पावसाचं पाणी हवेतला आणि मुख्यतः मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन किंचित आंबट होतं. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासामुळे मातीत हा वायू भरपूर असतो. हे आंबूस पाणी कातळाला हळूहळू झिजवतं. कातळातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटतात. पाण्यातल्या वायूचं बायकार्बोनेट होतं. हे सगळं विरघळलेलं असतं, त्यामुळे पाणी नितळ दिसतं. ओढ्यातून, नदीतून, विहिरीतून ते पुढे जात राहतं.

याच प्रवासाची उलटी बाजू घरात रोज दिसते. पाणी तापवण्याच्या पातेल्याला किंवा गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पाणी तापलं, वायू उडून गेला, आणि वायूच्या जोरावर विरघळून राहिलेला चुना खाली बसला. बऱ्याच गोष्टी गरम पाण्यात जास्त विरघळतात. हा चुना मात्र गरम पाण्यात कमी विरघळतो.

पळसदेवच्या काठावर मे महिन्यात हेच होतं, फक्त पातेलं मोठं असतं.

चुना खाली बसायला लावणारे चार जण

पहिला म्हणजे ऊन. पाणी तापतं, वायू निसटतो, वाफ होऊन पाणी कमी होतं. उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात.

दुसरं शेवाळ. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडून सांडपाणी येतं. त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शेवाळ माजतं आणि पाणी हिरवंगार दिसतं. शेवाळाला वाढायला कार्बन लागतो, तो ते पाण्यातूनच ओढून घेतं. त्यामुळे दिवसा पाण्याचा सामू (पीएच) वर चढतो आणि चुन्याचे बारीक कण पाण्यातच तयार व्हायला लागतात. रात्री शेवाळ श्वास घेतं, वायू परत सोडतं आणि सामू पुन्हा उतरतो. काही तलावांमध्ये हे कण इतके होतात की पाणी दुधाळ दिसतं.

तिसरे शिंपले आणि गोगलगाई. त्यांचे शंख म्हणजे कार्बोनेटच, पण जिवंत प्राण्याने घडवलेलं. या खनिजाचं नाव ॲरागोनाइट. कॅल्साइट आणि ॲरागोनाइट या दोघांत घटक तेच असतात, कणांची मांडणी वेगळी असते. पाणी आटलेल्या गाळात पायाखाली कुरकुरणारे शंख-शिंपले म्हणजे हेच.

चौथी माती. भीमा खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत खणलं की चुनखडीचे पांढरे खडे लागतात. पावसाचं पाणी ठरावीक खोलीपर्यंत उतरतं, पुढे ते सुकतं आणि तिथेच चुना सोडतं. कमी पावसाच्या पट्ट्यात हे हजारो वर्षं चाललंय. हेच खडे भट्टीत भाजून पूर्वी बांधकामाचा चुना करत.

ऋतू बदलला की खनिजही बदलतं

पावसाळ्यात भीमेला लोंढा येतो. पाणी गढूळ आणि पातळ असतं. अशा वेळी चुना बसत नाही, उलट आधी बसलेला थोडा विरघळतोसुद्धा. गाळाचा तपकिरी थर तेवढा साचतो. पाणी निवळलं, थंडी सरून ऊन वाढलं की चुन्याचे कण बसायला लागतात. सुरुवातीला कॅल्साइट.

कॅल्साइट तयार होताना पाण्यातलं कॅल्शियम भराभर संपतं, मॅग्नेशियम मात्र बरंचसं मागे राहतं. त्यामुळे जसजसं पाणी आटतं तसतसं कॅल्शियमच्या तुलनेत मॅग्नेशियमचं प्रमाण वाढतं. ते साधारण दुपटीच्या पुढे गेलं की साधं कॅल्साइट तयार होणं अवघड होतं. त्याऐवजी मॅग्नेशियम मिसळलेलं कॅल्साइट किंवा ॲरागोनाइट तयार होतं. त्याहूनही दाट पाण्यात डोलोमाइटसारख्या खनिजांची पाळी येते.

म्हणून तलावाच्या तळाच्या गाळात कोणत्या थरात कोणतं कार्बोनेट आहे, हे पाहून तेव्हा पाणी किती आटलं होतं याचा अंदाज करता येतो. कोणतं खनिज कधी बसेल याचा क्रम साधारण ठरलेला असतो.

पण हा क्रम शेवटी कुठे जाऊन थांबेल, हे एका साध्या वजाबाकीवर अवलंबून असतं.

ती वजाबाकी

चुना तयार होताना कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोघंही वापरले जातात. प्रयोगशाळेत ते ‘मिलीइक्विव्हॅलंट’ या मापात मोजतात. या मापात दोघं बरोबरीने संपतात, असं समजा.

एखाद्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून 4 आहेत आणि बायकार्बोनेट 6. चुना बसत गेला तर 4 मधले 4 संपतील. बायकार्बोनेट 2 उरतील. जोडीदार संपलेले हे 2 सोडियमच्या वाट्याला जातात. पाणी आटून दहावा भाग राहिलं तर ते 2 चे 20 होतात. पाणी दिवसेंदिवस अल्कधर्मी होत जातं, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखं बुळबुळीत.

उलट कॅल्शियम 6 आणि बायकार्बोनेट 4 असतं तर? मग बायकार्बोनेट आधी संपलं असतं, कॅल्शियम उरलं असतं, आणि पाण्यात सल्फेट असल्यास पुढे जिप्सम तयार झालं असतं. पाणी खारं झालं असतं, पण साबणासारखं नाही.

सुरुवातीचा फरक दोनच आकड्यांचा. पण शेवटी एक तलाव सोड्याचा होतो, दुसरा मिठाचा.

बेसाल्टच्या प्रदेशात पहिला प्रकार घडण्याची शक्यता असते. कारण कातळ झिजताना कॅल्शियमसोबत सोडियमही सुटतो आणि दोघांच्याही जोडीला बायकार्बोनेटच येतं. चुना बसून गेला की सोडियमच्या वाटचं बायकार्बोनेट पाण्यात तसंच राहतं. महाराष्ट्रात हे पूर्णत्वाला गेलेलं बघायचं तर बुलडाणा जिल्ह्यात जावं लागतं.

लोणार: वजाबाकीचं टोक

लोणार म्हणजे बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं विवर. व्यास साधारण 1.8 किलोमीटर. कातळ तोच, दख्खनचा. झरे आणि पाऊस पाणी आणतात, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं. क्षार तिथेच राहतात, वर्षानुवर्षं.

त्यामुळे कॅल्शियम चुना होऊन खाली बसलं आणि पाण्यात सोडियम कार्बोनेट साचत गेलं. सामू 10 च्या आसपास पोचला. पापडखार ज्या कुळातला, त्याच कुळातले हे क्षार. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर ते गोळा व्हायचे. त्यांच्या प्रतीनुसार स्थानिक नावंही होती: दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारला काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. म्हणजे वजाबाकीत उरलेल्या त्या सोड्याचा तेव्हा व्यापार चालत होता.

लोणारच्या तळाच्या गाळात गेलुसाइट नावाचं खनिज सापडलंय. यात सोडियम आणि कॅल्शियम दोघांचंही कार्बोनेट असतं. ते सहजासहजी तयार होत नाही. पाणी फार आटावं लागतं, फार अल्कधर्मी व्हावं लागतं. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी इथला सुमारे 10 मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना काढून तपासला. त्यात जवळपास 11 हजार वर्षांची नोंद मिळाली. गेलुसाइटचे स्फटिक असलेले थर आणि इतर खुणा जुळवून त्यांनी दीर्घ अवर्षणाचे दोन काळ दाखवले. एक साधारण 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला.

2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते आठवत असेल. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि क्षारात राहणारे सूक्ष्मजीव वाढले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

मग उजनीचं लोणार होणार का?

नाही. कारण उजनीला दरवाजे आहेत. पावसाळ्यात नवं पाणी येतं, जुनं भीमेतून पंढरपूरकडे, कालव्यांतून आणि बोगद्यातून पुढे जातं. क्षारांना साचायला वेळच मिळत नाही. पळसदेवच्या दगडावरचा थर पुढच्या पुरात धुऊन जातो किंवा गाळाखाली जातो.

पण जिथे दरवाजा नाही अशी एक जागा याच तालुक्यात आहे. ती म्हणजे निचरा नसलेलं उसाचं रान.

थोडा हिशोब करू. समजा उसाला पाटाने वर्षभरात 2 मीटर उंचीचं पाणी दिलं. एका एकराला ते साधारण 80 लाख लिटर होतं. पाण्यात लिटरमागे 300 मिलिग्रॅम क्षार धरले, तर वर्षाला 2,400 किलो क्षार त्या एकरात आले. उसाने आणि उन्हाने पाणी उडवलं. क्षारांपैकी ऊस थोडेच उचलतो. पाऊस आणि निचरा चांगला असेल तर बाकीचे खाली वाहून जातात. काळी चिकट जमीन, सखल भाग आणि वर आलेली पाण्याची पातळी असेल तर तिथेच राहतात.

आणि मग मातीत लोणारचीच वजाबाकी सुरू होते. कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं. सोडियम उरतो आणि मातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा घेतो. कॅल्शियम मातीचे कण एकत्र धरून ठेवतं, सोडियम ते सुटे करतो. सुटे कण छिद्रं बुजवतात. पाणी मुरत नाही, वर डबकी साचतात. वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात. शेतकरी याला चोपण म्हणतात. कोरडवाहू काळ्या जमिनीतही चुनखडी तयार होताना खालच्या थरात सोडियम वाढतो, हे नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या संशोधकांनी दाखवलंय. सिंचनाने त्याचा वेग वाढतो.

हे आजचं नाही

नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस आला. पाव शतकातच त्याची दुसरी बाजू दिसली. 1910 मध्ये हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांची नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने काढली. 1916 मध्ये पाणथळ आणि क्षारांच्या प्रश्नासाठी पुण्यात सरकारचा खास सिंचन विभाग सुरू झाला. आज खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था ही त्याच विभागातून वाढलेली. बारामतीजवळ माळेगावला 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, तिच्या कामातही दुष्काळासोबत जमिनीचे असे ताण येतात.

म्हणजे या पट्ट्यात शंभरहून जास्त वर्षं हा प्रश्न माहीत आहे. तरी जमीन खराब झाली की ‘रानाचा कस गेला’ म्हणून पुन्हा खताचंच पोतं टाकलं जातं.

मग बघायचं काय?

पांढरा थर दिसला म्हणजे जमीन गेली असं नाही. नुसत्या डोळ्यांनी चुना, मीठ आणि सोडा यांत फरक करणं अवघड असतं. थरावर लिंबू पिळलं आणि फेस आला तर कार्बोनेट आहे एवढंच कळतं. ते कॅल्शियमचं की सोडियमचं, हे कळत नाही. त्यासाठी माती आणि पाणी दोन्ही तपासावं लागतं.

पाण्याच्या अहवालात ‘आरएससी’ असा एक आकडा असतो. मराठीत शिल्लक सोडियम कार्बोनेट. हा आकडा म्हणजे वर सांगितलेलीच वजाबाकी: कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा. उत्तर 1.25 च्या आत असेल तर पाणी चालतं. 1.25 ते 2.5 मध्ये जपून वापरायचं. 2.5 च्या वर असेल तर ते पाणी सिंचनाला योग्य धरत नाहीत. वरच्या उदाहरणातलं 2 उत्तराचं पाणी हे असं मधल्या गटातलं आहे. एकाच गावात नदीचं, विहिरीचं आणि बोअरचं उत्तर वेगवेगळं येऊ शकतं, म्हणून प्रत्येकाचा नमुना वेगळा द्यायचा.

मातीच्या अहवालात सामू, क्षारता (ईसी) आणि विनिमययुक्त सोडियमची टक्केवारी बघायची. ईसी 4 च्या वर पण सामू 8.5 च्या आत असेल तर जमीन खारवट. तिथे मुख्य उपाय म्हणजे निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणं. सामू 8.5 च्या वर आणि सोडियम 15 टक्क्यांच्या वर गेला की चोपण. तिथे नुसतं धुऊन भागत नाही, आधी सोडियमला कणांवरून हटवावं लागतं. त्यासाठी जिप्सम, म्हणजे बाहेरून दिलेलं कॅल्शियम.

चुनखडी भरपूर असलेल्या चोपण जमिनीत आणखी एक उपाय असतो. तिथे कॅल्शियम असतंच, पण चुनखडीत अडकलेलं. गंधक टाकलं की जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल चुनखडी विरघळवतं आणि अडकलेलं कॅल्शियम मोकळं होतं. ताग, धैंचा यांसारखी हिरवळीची खतं गाडली की कुजताना कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तोही थोडी चुनखडी सोडवतो. किती आणि काय टाकायचं ते अहवाल बघून कृषी विज्ञान केंद्राला विचारून ठरवावं.

पण चर किंवा जमिनीखालची निचरा नळी नसेल तर यातलं काहीच टिकत नाही. कणांवरून हटवलेला सोडियम रानाबाहेर गेला पाहिजे. नाहीतर तो पुढच्या उन्हाळ्यात परत वर येतो.

पाऊस पडला, उजनी भरली की पळसदेवचं मंदिर पुन्हा पाण्यात जाईल आणि दगडांवरचा थर दिसेनासा होईल. बॅकवॉटरवरच्या मोटारी चालू होतील, तेच पाणी पाइपलाइनने रानात जाईल. पहिलं पाणी सोडायच्या आधी एक बाटली भरून तपासायला दिली, तर रानात सोडा साचणार की नाही याचा अंदाज ऊस लावायच्या आधीच येईल.